संदर्भ विभागाचा पहिला प्रश्न

ग्रंथालयाची थोरवी पुस्तकांवर ठरत नाही, विभागांवर ठरते. पुस्तके काय, वाण्याच्या दुकानातही पुड्या बांधायला असतात. विभाग मात्र तिथे नसतात. हे सत्य भोरच्या विद्याविलास सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल आनंदराव खुटवड यांनी बडोद्यास तीन महिने राहून, खानावळीची आमटी सोसून मिळवले होते. आणि परत आल्यावर महिन्याच्या आत त्यांनी ग्रंथालयाचे अकरा विभाग केले. खोल्या दोन होत्या.

इमारत जुन्या जकात कचेरीची. पुढच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, त्यांतल्या एकीला 'देवघेव विभाग' अशी निळी पाटी आणि दुसरीला 'संदर्भ विभाग' अशी. ओसरीवरचा बाक हा नियतकालिक विभाग होता. त्यावर पुण्याचे वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येऊन बसे. मागच्या खोलीत जाड हिरवा पडदा लावून स्त्रियांचा विभाग केला होता. नकाशा विभागात नकाशा होता. हस्तलिखित विभागात एक पोथी होती, आणि ती पाहायला कोणी मागितली की आनंदरावांना आधी कसर झटकावी लागे. बाल विभागाची पाटी मुलांचे हात लागून खराब होऊ नये म्हणून आढ्याजवळ लावली होती. फिरते ग्रंथालय नावाची पत्र्याची पेटी चार वर्षांपूर्वी वेल्ह्याकडे फिरायला गेली, ती अजून फिरत होती.

या सगळ्याला नोकरवर्ग दीड. पूर्ण आनंदराव, अर्धा गेनबा शिपाई, कारण गेनबाचा उरलेला अर्धा दिवस अध्यक्षांच्या घरी पाणी भरण्यात जाई. आनंदराव मूळचे वरवे बुद्रुकचे, शेतकऱ्याचे, घराण्यातले पहिले मॅट्रिक. भाऊबंद अजून विचारत, "आनंदा, बुकं राखायची म्हंजे काय करायचं? ती काय पळून जात्यात का?" यावर आनंदराव काही बोलत नसत. त्यांना विभाग समजावून सांगायचे म्हणजे दिवस मोडला असता.

अकरांत त्यांचे लाडके अपत्य म्हणजे संदर्भ विभाग. त्या खिडकीवर त्यांनी स्वतः लिहिले होते : 'कोणताही प्रश्न विचारा. उत्तर आठ दिवसांत.' पितळी घंटीही ठेवली होती. दर वर्षीच्या अहवालात ते लिहीत, 'या साली संदर्भ विभागात आलेला एकही प्रश्न अनुत्तरित राहिला नाही,' आणि ते अक्षरशः खरे होते, कारण चार वर्षांत एकही प्रश्न आला नव्हता. एकाने मोरी कुठे आहे असे विचारले होते खरे, पण तो तक्रार विभागात धरला गेला.

लढाईचे चौथे वर्ष, बेचाळीस साल, कार्तिक महिना. मंगळवारी, भोरच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी एक धनगर बाई ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून आली. खांद्यावर नवी कोरी काळी घोंगडी, चौघडी घातलेली. मागे तिचा नवरा. तो पायरीशीच थांबला आणि काठी छातीला लावून असा उभा राहिला, जणू आत मेंढरे चरायला सोडली आहेत आणि त्याला फक्त राखण करायची आहे.

"हितं इच्यारल्यालं सांगत्यात म्हनं," बाई गेनबाला म्हणाली.

"काय इच्यारायचंय?"

"थंडी हाय का न्हाई, ते."

गेनबाने ओसरीबाहेर हात काढून पाहिला. "न्हाई. भर दुपारची कुठली थंडी?"

"हितली न्हवं वो बाबा. आमचं पोरगं हाय तितली."

"मंग ते माझ्याकडं न्हाई," गेनबा म्हणाला. "पयल्या खिडकीवर जा. चिठी घ्या."

पहिल्या खिडकीत आनंदराव होते. त्यांनी नाव विचारले : भामाबाई, राहणार पालीच्या वर, राजगडाच्या पायथ्याचा धनगरवाडा. त्यांनी चिठ्ठी लिहिली, तारीख घातली, आणि ती घेऊन दुसऱ्या खिडकीवर जायला सांगितले. बाई दुसऱ्या खिडकीशी पोचेपर्यंत आनंदराव आतून तिथे जाऊन बसले होते. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि नवखी असल्यासारखी वाचली.

"तुमीच का मगाशी त्या खिडकीत?" भामाबाईने विचारले.

"तो देवघेव विभाग होता."

"आन् ह्यो?"

"हा संदर्भ विभाग."

भामाबाईने वळून नवऱ्याला सांगितले, "जुळं भाऊ असत्याल." मग तिने घंटी कुतूहलाने एकदा वाजवली. चार वर्षांत प्रथमच वाजलेली ती घंटी ऐकून आनंदरावांच्या अंगावर काटा आला.

हकीकत सरळ होती. मुलगा कुंडलिक फौजेत गेला होता आणि आता समुद्रापलीकडे होता. घरच्या मेंढरांची लोकर सणगराला देऊन यंदा एकच घोंगडी विणून झाली होती. नवऱ्याची, म्हणजे हैबतीची, जुनी घोंगडी विरून गेली होती. "पांघरून निजलं तर त्यातनं चांदन्या दिसत्यात," भामाबाई म्हणाली.

"मला काय धाड भरलीया?" पायरीवरून हैबती म्हणाला. "पोराला धाडा."

"तुमी गप ऱ्हावा वो." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "ह्ये बगा सायब. पोराच्या तितं ऊन असलं आन् म्या घोंगडी धाडली, तर हितं ह्ये रानात गारठून मरत्याल, आन् पोरगं म्हनंल आई येडी झाली. तितं थंडी असली आन् न्हाई धाडली, तर म्या कुठं तोंड दावू? येवडंच सांगा. थंडी हाय का ऊन?"

"गाव कोणतं?"

"ते ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

तिने पदराच्या गाठीतून कुंडलिकचे पत्र काढले. फौजेतल्या कोणा कारकुनाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'आईस व आबास दंडवत. मी येथे खुशाल आहे. मुक्कामाचे नाव व हवापाणी लिहिण्यास मनाई आहे. डोंगर आपल्यासारखेच, पण झाड एकही नाही. मेंढरे आहेत. ती आपल्यापेक्षा थोर असून त्यांचे शेपूट ताटाएवढे व चरबीने भरलेले आहे. बाकी सर्व ठीक.'

आनंदरावांनी पत्र तीनदा वाचले. मग नवीकोरी नोंदवही काढली, पहिले पान हाताने दाबून सपाट केले आणि लिहिले : 'प्रश्न क्रमांक एक.'

"पुढच्या मंगळवारी या," ते म्हणाले. "ग्रंथालय आपल्या सर्व विभागांसह या कामी लागेल."

"सगळं भाऊ लागनार म्हनं," भामाबाई पायऱ्या उतरताना नवऱ्याला म्हणाली.

तो आठवडा आनंदरावांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा गेला. नकाशा विभागातला नकाशा त्यांनी जमिनीवर पसरला. तो जुना होता, आणि त्यावरचे निम्मे देश मधल्या काळात दुसऱ्यांनी घेतले होते. पण डोंगर कोणी हलवले नसावेत असे धरून ते त्यावर गुडघे टेकून फिरले. नियतकालिक विभागातली दोन वर्षांची वर्तमानपत्रे चाळली. त्यांत फौजा होत्या, तोफा होत्या, विमाने होती. मेंढरांविषयी एकाही बातमीदाराने अक्षर लिहिले नव्हते.

राहिला इंग्रजी विश्वकोश. तो एका निवृत्त मुन्सफाने देणगी दिला होता, पण पहिले नऊ खंडच. बाकीचे त्यांच्या जावयाने देऊ दिले नव्हते. नववा खंड एच अक्षरावर संपत होता. म्हणजे इंग्रजीत ए पासून एच पर्यंत येणारे जग विद्याविलास ग्रंथालयाला बारीकसारीक ठाऊक होते, आणि पुढचे ऐकीव. कुंडलिक या नऊ खंडांतच कुठेतरी असावा, अशी आनंदराव मनोमन प्रार्थना करत होते. शेवटी पाचव्या दिवशी त्यांनी त्याला इजिप्तमध्ये मुक्रर केला. झाडे नाहीत, डोंगर आहेत, फौज आहे. शिवाय इजिप्त सहाव्या खंडात होता.

मंगळवारी त्यांनी चार पानांचे उत्तर उभे राहून वाचले. नाईल नदीची लांबी झाली, पिरॅमिडांची उंची झाली. भामाबाई घोंगडी मांडीवर घेऊन बसून होती.

"...सारांश, तेथील हवा दिवसा अत्यंत उष्ण आणि रात्री अत्यंत थंड असते," आनंदरावांनी समारोप केला.

"म्हंजी? धाडू का नगं?"

आनंदरावांनी पाने उलटून पाहिली. चार पानांत हे कुठेच आले नव्हते. "दिवसा नको," ते म्हणाले. "रात्री हवी."

"रोज सांजच्याला धाडू व्हय?"

ओसरीवर गेनबा खोकला. त्याला खोकला नव्हता.

मग हैबती प्रथमच दारापर्यंत आला. "सायब, त्या मेंढराच्या शेपटाचं तुमच्या बुकात काय लिवलंय?"

"मेंढी हा विषय पुढच्या कुठल्या तरी खंडात येतो."

"मंग त्यो काडा की."

"तो आपल्याकडे नाही."

हैबतीने चारी भिंतींवरच्या पाट्यांवरून नजर फिरवली. त्याला वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. "अकरा खाती हायती," तो म्हणाला, "आन् मेंढराचं येक बी न्हाई."

हे म्हणताना त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. कुणाच्या घरी मीठ नाही असे कळल्यावर शेजारी जसा हळू बोलतो, तसा तो बोलला. आणि आनंदरावांना तेच जास्त लागले.

"बसा, हैबतराव," ते म्हणाले. हैबतीला आजवर राव कोणी लावला नव्हता. तो मागे कोण आले आहे ते वळून पाहू लागला. "तुम्हाला काय वाटतं?"

हैबती उंबऱ्यावर टेकला. "त्या मेंढरानं शेपटात चरबी साठिवलीया. साठिवतं कोन? ज्याला फुडं मिळायचं न्हाई त्यो. म्हंजे तितं वरसातलं चार म्हैनं चारा नसतोय. चारा कवा नसतो? येक तर उनानं जळतो, न्हाईतर गारठ्यानं मरतो. आता ह्यातलं कंचं, ते शेपूट सांगत न्हाई."

"मग?"

"लोकर सांगती. पोराला इच्यारा, लोकर लांब हाय का आखूड. वरची राठ हाय ती हायच, पर तिच्या खाली मऊ लव हाय का न्हाई. कवा कातरत्यात. मानूस सायबाच्या भ्यानं बोलायचं न्हाई. मेंढराला कोन बंदी घालतंय?"

आनंदरावांनी टाक घेतला. बडोद्यास त्यांना संदर्भग्रंथांचे सात प्रकार शिकवले होते. हा आठवा होता. त्यांनी 'तत्रस्थ मेषांच्या ऊर्णेचे दैर्घ्य' अशी सुरुवात केली, मोठ्याने वाचून पाहिली, आणि भामाबाईचा चेहरा बघून कागद फाडला. दुसऱ्या कागदावर त्यांनी वरव्याच्या भाषेत लिहिले, जी त्यांनी ग्रंथालयाच्या कामात चार वर्षांत वापरली नव्हती. पत्र त्याच दिवशी टपालात पडले.

मार्गशीर्ष गेला. पौष लागला, आणि त्या वर्षी थंडी अशी पडली की भाटघरच्या धरणावरून येणारा वारा ग्रंथालयात शिरून थेट सूचीच्या खणात जाऊन बसे. अशा एका सकाळी हैबती एकटाच आला. डोक्यावर बारदानाच्या पोत्याची खोळ, ओठ जांभळे.

"आलं का सायब पोराचं?"

"नाही अजून. हैबतराव, अहो घोंगडी कुठं आहे?"

"घरात हाय. घडी घालून ठिवलीया."

"मग पांघरायची ना!"

"कशी पांघरू? ती तुमच्या खात्यात अडाकलीया," हैबती शांतपणे म्हणाला. "पोराची का माझी, त्ये ठरलंय का अजून? म्या वापरली, आन् मंग पोराची निगाली, तर त्याला काय जुनी धाडायची? भामी म्हनती, भोरचा निकाल लागस्तवर हात लावायचा न्हाई."

आनंदराव खिडकीतच बसून राहिले. आठ दिवसांत उत्तर, असे त्यांनीच लिहिले होते. पाटी त्यांच्या डोक्यावर होती आणि समोर माणूस पोत्यात कुडकुडत होता. संदर्भ विभाग नसता तर या बाईने दोन पैशांचा अंगारा घेतला असता, काहीतरी एक ठरवले असते, आणि हैबती किंवा कुंडलिक कोणीतरी एक तरी उबेत असता.

ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि स्त्री विभागाचा हिरवा पडदा ओढून काढला. जाड, दुपदरी, आठ हात लांब.

पडद्यामागे सगुणाबाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या या निवृत्त मुख्याध्यापिका चार वर्षे त्या विभागाच्या एकमेव वाचक होत्या. त्यांनी चष्मा वर करून खोलीभर पाहिले.

"आनंदराव, इथं दुसरं कोणीच नाही?"

"नाही, बाई."

"मला चार वर्षं वाटत होतं, पलीकडे पाचसहा कारकून असतात. एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो."

"विभागवार काम चालतं," आनंदराव खाली बघून म्हणाले.

"असू दे. तो पडदा न्यायचा तर न्या. इथं उजेडच येत नव्हता."

पडदा देवघेव विभागातून रीतसर गेला. नोंद झाली : 'पडदा, हिरवा, एक. वाचक : हैबती. मुदत पंधरा दिवस.'

"पंधरा दिसांत थंडी सरंल व्हय?" हैबतीने विचारले.

"मुदत वाढवून मिळते."

हैबतीने पडदा अंगाभोवती घेतला. पितळी कड्या खांद्यावर खुळखुळल्या. "मेंढरं बिचकत्याल," तो म्हणाला; पण काढून दिला नाही. तो गेल्यावर गेनबाने विचारले, "आन् बायकांचं खातं?"

"ते आजपासून खुलं झालं," आनंदराव म्हणाले. आणि वर्षअखेरीस अहवालातही त्यांनी तसेच लिहिले. अध्यक्षांनी त्या सुधारणेबद्दल सभेत त्यांचे अभिनंदन केले.

माघात, एका शुक्रवारी, पत्र आले. वर ग्रंथालयाचा पत्ता होता, पण प्रश्न भामाबाईचा होता. आनंदरावांनी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि मंगळवारपर्यंत उघडले नाही. या चार दिवसांत त्यांनी खण किती वेळा उघडला, हे फक्त गेनबाला ठाऊक आहे.

मंगळवारी दोघे आले. भामाबाईच्या खांद्यावर घोंगडी, हैबतीच्या अंगावर ग्रंथालय. आनंदरावांनी पाकीट फोडले. कागदाची घडी मोडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं वो? पोरगं बरं हाय न्हवं?"

"बरा आहे. इथं लिहिलंय, 'आईस व आबास दंडवत, मी खुशाल आहे.' पण पुढचं..." त्यांनी कागद वळवून दाखवला. पानभर काळ्या शाईचे पट्टे ओढलेले होते. तपासणाऱ्या कुणा गोऱ्या अंमलदाराने लोकरीची लांबी, लव आणि कातरणी यांविषयीची एकूण एक ओळ पुसून टाकली होती. मेंढरांविषयी एवढ्या आस्थेने लिहिणारा शिपाई त्याने आयुष्यात पाहिला नसावा, आणि मेंढरे म्हणजे रणगाडे असावेत अशी त्याची खात्री झाली असावी.

"म्हंजी उत्तर न्हाई?" भामाबाई म्हणाली.

 प्रश्न क्रमांक एक, आणि पहिलाच प्रश्न निरुत्तर. अहवालातले ते वाक्य आता यापुढे लिहिता येणार नव्हते. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी आनंदरावांना अहवाल आठवलाच नाही. ते घोंगडीकडे बघत होते.

"आना हिकडं," हैबती म्हणाला आणि त्याने कागद हातात घेतला. वाचता येत नसल्यामुळे त्याने अक्षरांकडे पाहिलेच नाही. कागदाचा खालचा कोपरा दुमडून पिरगाळला होता. तेवढा त्याने नखाने उकलला. आतून चिमूटभर राखी रंगाची लोकर टेबलावर पडली. तपासणाऱ्याने तिच्यावर काही लिहिलेले नाही एवढे पाहून ती सोडून दिली होती.

 हैबतीने लोकर उचलून उजेडाला धरली. दोन बोटांत चोळली. वरचे राठ केस एकीकडे ओढले आणि खालची लव दुसरीकडे. लव गालाला लावली. हुंगली. एक तंतू जिभेवर ठेवून डोळे मिटले. आनंदराव, गेनबा, आणि वर्तमानपत्र खाली ठेवून आलेल्या सगुणाबाई, तिघेही श्वास धरून उभे होते. आनंदरावांनी बडोद्याच्या मोठ्या दालनात पंडितांना काम करताना पाहिले होते. पण आधारग्रंथ इतक्या बारकाईने कोणी वाचलेला पाहिला नव्हता.

"थंडी हाय," हैबती म्हणाला. "आपल्यावानी न्हाई. बरफाची. ही लव बगा, सावरीच्या कापसावानी. ह्ये जनावर चार म्हैनं गारठ्यात उबं असतंय." मग, कुणाकडे न बघता, "पोरगं बी असंल."

भामाबाईने खांद्यावरची घोंगडी उलगडली आणि पुन्हा घडी घातली. ती आधीच नीट होती. "बांदा आता," ती म्हणाली.

बांधणी विभागाने पार्सल बांधले. म्हणजे गेनबाने जाड मांजरपाट शिवला आणि आनंदरावांनी लाख लावली. शिवण घालण्याआधी हैबतीने कमरेच्या पिशवीतून आपल्या मेंढीची चिमूटभर लोकर काढून घडीत सरकवली.

"आवो, घोंगडी लोकरीचीच हाय की," गेनबा म्हणाला.

"ती विनल्याली हाय. ही पाठीवरची हाय. पोराला कळंल."

काय कळेल ते त्याने सांगितले नाही, आणि आनंदरावांनीही, प्रश्न विचारण्याच्या विभागात उभे असून, विचारले नाही. परदेशी लोकरीतली अर्धी त्यांनी मागून घेतली, पाकिटात घालून संदर्भ विभागाच्या फळीवर नवव्या खंडाशेजारी ठेवली आणि तिला क्रमांक दिला. नोंदवहीत लिहिले : 'उत्तर : थंडी आहे. आधार : लोकर.' वार्षिक सभेत हे वाचले गेले तेव्हा लोकर हा कोणी जर्मन ग्रंथकार असावा असे समजून अध्यक्षांनी मान डोलावली.

पार्सल गेले. फाल्गुनात हैबती पडदा धुऊन परत करायला आला, तेव्हा सगुणाबाईंनी तो पुन्हा लावू दिला नाही. चैत्रात आणखी दोघे जण संदर्भ विभागात प्रश्न घेऊन आले. एकाला बायकोच्या दाढदुखीवर औषध हवे होते आणि दुसऱ्याला लढाई कधी संपेल ते. आनंदरावांनी दोघांना विचारले, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" ही पद्धत बडोद्यास शिकवलेली नव्हती.

वैशाखातल्या एका मंगळवारी पार्सल परत आले. लाख वितळून पुन्हा घट्ट झाली होती आणि मांजरपाटावर पाच निरनिराळे शिक्के होते. ओसरीवरच्या बाकाला हात लावला तर पोळत होता. हैबती पायरीवर, डोक्याला ओले फडके बांधून बसला होता. भामाबाई पदराने वारा घेत होती. गेनबाने शिवण उसवली आणि काळी, जाड, कोरी घोंगडी दोघांच्या मध्ये पडली. पाहूनच घाम फुटला.

"पोराला पोचलीच न्हाई?" भामाबाई म्हणाली. "मंग त्यानं हिवाळा कसा काडला आसंल वो?"

घोंगडीला टाचणीने एक छापील इंग्रजी चिठ्ठी लावलेली होती. आनंदरावांनी ती काढली, एकदा मनात वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि घाम पुसला. हैबती त्यांच्याकडे बघत होता. प्रश्नाला उत्तर द्यायचेच, हा विभागाचा नियम होता. तेव्हा त्यांनी मराठी करून सांगितले. चिठ्ठीत एवढेच होते की, थंड मुलखातल्या प्रत्येक शिपायाला सरकारातून चार कांबळी मिळतात, सबब घरून आलेली पांघरुणे घेतली जात नाहीत.